कॅम्पसच्या सुरक्षिततेचा कार्यभार नव्याने आलाय? सुरुवात अशी करा

विद्यापीठातल्या सुरक्षितता समन्वयकाचं पद बहुतेक वेळा ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून येतं. रसायनशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला, नाहीतर इस्टेट विभागातल्या उपअभियंत्याला आदेश मिळतो, खाली ‘पुढील आदेशापर्यंत’ असं लिहिलेलं असतं. सोबत एक कपाट येतं. त्यात जुने फायर ऑडिट, अर्धवट भरलेली रजिस्टरं आणि कुठल्या कुलपाच्या ते कोणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या. हा लेख अशा माणसासाठी आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कारखान्यात एक मॅनेजर असतो आणि त्याचा शब्द शेवटचा असतो. कॅम्पसवर तसं नाही. प्रयोगशाळा विभागप्रमुखांची, तिची गळकी भिंत इस्टेटची, वायरिंग इलेक्ट्रिकल सेक्शनचं, फरशी पुसणाऱ्या मावशी कंत्राटदाराच्या, कॅन्टीन ठेकेदाराचं, हॉस्टेल वॉर्डनचं आणि फेस्टिव्हल विद्यार्थ्यांचं. अपघात होतात ते या हद्दींच्या सांध्यात. दोन्ही बाजूंना वाटत असतं की ते समोरच्याचं काम आहे. त्यामुळे तुमचं खरं काम उपकरणं विकत घेण्याचं कमी आणि प्रत्येक धोक्याला एका माणसाचं नाव लावण्याचं जास्त आहे.

पायरी १: फाईल नंतर, आधी फेरी

पहिले काही दिवस ऑडिट रिपोर्ट वाचत बसू नका. फिरा. पण एकटे फिरू नका आणि अधिकाऱ्यांचा ताफा घेऊन तर मुळीच नको. इलेक्ट्रिकल सेक्शनचा जुना वायरमन, हाऊसकीपिंगची मुकादम आणि एकाच प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काढलेले परिचर मामा, एवढी मंडळी पुरेत. कुठला एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) रोज पडतो, कुठल्या वॉटर कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात, कुठल्या जिन्याचं दार रात्री बाहेरून लावलं जातं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

‘इथे काही धोका आहे का?’ असं विचारू नका. त्याला ‘नाही सर, सगळं व्यवस्थित आहे’ हेच उत्तर येणार. ‘इथे काम करताना तुम्ही स्वतः कशाला जपता?’ असं विचारा. मग माणसं बोलायला लागतात.

फेरी तीन वेगवेगळ्या वेळांना मारा. सकाळी सातला, लेक्चर सुरू होण्याआधी, कारण साफसफाई आणि कचरा उचलणं तेव्हा चालतं. रात्री नऊनंतर, कारण पीएचडीचे विद्यार्थी तेव्हा प्रयोगशाळेत एकटे असतात. आणि रविवारी, कारण वेल्डिंग, रंगकाम, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग हे सगळं सुट्टीच्या दिवशी उरकून घेतलं जातं. दुपारी अकरा ते पाच या वेळात दिसणारा कॅम्पस हा सगळ्यांत सुरक्षित कॅम्पस असतो.

मुंबईत प्रत्येक संकुलाची तऱ्हा निराळी. कालिन्याचं विद्यानगरी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचं संकुल, पसरलेलं आणि मिठी नदीच्या बाजूचं. एका इमारतीतून दुसरीत मदत पोचायलाच वेळ लागतो. फोर्टच्या राजाबाई टॉवरच्या परिसरात कुठेही ड्रिल मारून फायरची पाइपलाइन नेता येत नाही. तो भाग २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि वारसा इमारतीला हात लावण्याआधी परवानगी लागते. पवईला आयआयटीच्या मागे जंगल, त्यामुळे रात्रपाळीच्या सूचनांमध्ये बिबट्याही येतो. दुसऱ्या संस्थेची सुरक्षा नियमावली उचलून नाव बदलून वापरण्याची पद्धत फार आहे. ती वाचताना पहिल्या पानावर कळतं.

पायरी २: यादी करा, पण छोटी

फेरीतून दोनशे नोंदी निघतील. त्या सगळ्या एका एक्सेल शीटमध्ये टाकून कुलसचिवांना पाठवल्या तर ते शीट कोणी उघडणारही नाही. एकच चाळणी लावा: यातल्या कशाने माणूस मरू शकतो? ती यादी वेगळी काढा. उखडलेल्या टाइल्सच्या तक्रारी रोज येतात. साखळीशिवाय भिंतीला टेकवलेल्या हायड्रोजनच्या सिलिंडरबद्दल कोणीच तक्रार करत नाही, आणि यादीत वर तोच हवा.

प्रत्येक नोंदीपुढे काय, कुठे, कोणाला लागू शकतं, कोणाकडे दिलं आणि कधीपर्यंत, एवढं लिहा. ‘कोणाकडे’ या रकान्यात ‘इस्टेट विभाग’ असं लिहिलेलं चालणार नाही. तिथे माणसाचं नाव आणि हुद्दा हवा. माणूस बदलीवर गेला की नवं नाव त्याच दिवशी.

उपाय शोधताना सगळ्यांचा हात आधी हातमोज्यांकडे जातो. तो शेवटचा उपाय आहे. उदाहरणार्थ, काचेची भांडी धुवायला क्रोमिक ॲसिडचं मिश्रण अजूनही काही प्रयोगशाळांत वापरतात. त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. पहिला प्रश्न, ते लागतंच का? बहुतेक भांड्यांना लागत नाही, प्रयोगशाळेचा डिटर्जंट पुरतो. अगदी लागत असेल तर ते फक्त फ्यूम हूडमध्ये (घातक वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात), ठरलेल्या माणसाने, लिहिलेल्या कृतीने. आणि मग हातमोजे, गॉगल, एप्रन. हा क्रम उलटा झाला की खर्च दिसतो, धोका तिथेच राहतो.

पायरी ३: आग

राज्यात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू आहे. त्यानुसार अग्निशमन यंत्रणा बसवण्याचं आणि तिच्या देखभालीचं काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यावं लागतं. यंत्रणा बसवल्यावर ‘फॉर्म ए’ हे प्रमाणपत्र आणि ती चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. नवीन आलात की प्रत्येक इमारतीचा शेवटचा फॉर्म बी कुठे आहे ते विचारा. ‘असेल ना फायलीत’ हे उत्तर आलं तर तो नाही असं धरून चाला.

फॉर्म बी हातात आला तरी स्वतः बघा. पंप ‘ऑटो’वर आहे की ‘मॅन्युअल’वर? उगाच सुरू होतो म्हणून कोणीतरी तो मॅन्युअलवर ठेवलेला असतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आहे का? होज बॉक्स उघडून बघा, पितळी नोझल जागेवर आहे का. पितळेला भंगारात भाव आहे हे कॅम्पसबाहेरच्यांनाही ठाऊक असतं. एक्स्टिंग्विशरच्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, आणि तो टेबलामागे, नोटीस बोर्डामागे दडलेला तर नाही?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिने. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ माणसं गेली. बाहेर पडायची वाट नीट मोकळी नसणं ही त्यातली मोठी गोष्ट होती. विद्यापीठात जिना अडवणारी वस्तू ठरलेली आहे: उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. त्यानंतर निर्लेखनाची (भंगारात काढण्याची) वाट बघणारी लोखंडी कपाटं आणि मोडकी बाकं. गठ्ठे परीक्षा विभागाचे, जिना इस्टेटचा, कपाटं स्टोअरची. मी सांध्यात अपघात होतो म्हणालो तो हाच. परीक्षा नियंत्रकांना वेगळी बंद खोली मिळवून द्या, जिना आपोआप रिकामा होतो. नुसत्या ‘जिन्यात सामान ठेवू नये’ अशा परिपत्रकाने आजवर एकही गठ्ठा हललेला नाही.

चोरीच्या भीतीने रात्री दारांना कुलपं लागतात. सुरक्षारक्षकाची भीती खरी असते, वस्तू गेली तर त्याला जाब द्यावा लागतो. म्हणून त्याच्यावर ओरडण्यापेक्षा आतून ढकललं की उघडणारं आणि उघडलं की अलार्म वाजणारं दार बसवून घ्या.

विजेबद्दल थोडं. समुद्राच्या दमट हवेत जोडण्या गंजतात, अर्थिंग कमकुवत होतं. वॉटर कूलर, पंप, हॉस्टेलचे गिझर आणि ओल्या प्रयोगशाळांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून बघणारा माणूस हवा. एकाला एक जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड आणि हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटऱ्या हा आता नवा विषय आहे. बंदी घातली की चार्जिंग पलंगाखाली सुरू होतं. इमारतीबाहेर, शेडखाली चार्जिंगची जागा करून द्या.

मॉक ड्रिल वर्षातून दोनदा घ्या, त्यातली एक हॉस्टेलमध्ये रात्री. ड्रिलमध्ये किती मिनिटांत इमारत रिकामी झाली याचं सगळ्यांना कौतुक असतं. तुम्ही वेगळं बघा: चौथ्या मजल्यावरचा व्हीलचेअरवरचा विद्यार्थी कसा उतरला, आणि एकत्र जमण्याच्या जागेवर माणसं मोजली कोणी.

पायरी ४: प्रयोगशाळा

इथे वेळ द्या. कॅम्पसवरचं सगळ्यांत घातक सामान इथे आणि सगळ्यांत कमी अनुभवाचे हातही इथेच.

डिसेंबर २०१८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गॅस सिलिंडरच्या स्फोटात एका तरुण संशोधकाचा मृत्यू झाला. २०१० चं दिल्लीतलं मायापुरी प्रकरण तर प्रत्येक समन्वयकाने समजून घ्यावं असं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, १९८५ पासून न वापरलेलं एक गॅमा इरॅडिएटर (गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र) लिलावात भंगारात गेलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडलं गेलं, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. उपकरण आणणारे प्राध्यापक निवृत्त झालेले, आत काय आहे हे भांडार विभागाला माहीत नाही. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर धोक्यावरचं नाव पुसलं गेलं.

म्हणून पहिला नियम असा करून घ्या की निवृत्त होणाऱ्या, सोडून जाणाऱ्या प्रत्येक संशोधकाला ‘ना हरकत’ प्रमाणपत्रासाठी तुमची सही लागेल, आणि ती सही त्याच्या शेल्फवरच्या शेवटच्या बाटलीचा हिशेब लागल्यावरच होईल. निर्लेखनाच्या यादीवरही तुमची सही हवी. किरणोत्सारी स्रोत किंवा एक्स-रे डिफ्रॅक्शनसारखी यंत्रं असतील तर त्यांचं नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. त्याचं मुख्यालय आपल्याच अणुशक्तीनगरात आहे आणि परवान्यांची कामं ‘ई-लोरा’ या ऑनलाइन यंत्रणेतून होतात.

मग रसायनांची मांडणी. स्टोअरमध्ये बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेल्या दिसल्या की समजा तिथे काम आहे. त्या मांडणीत अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅसेटिक ॲसिड शेजारी येतात, आणि नायट्रिक ॲसिडच्या जवळपास काय येईल ते नशीब. मांडणी धोक्याच्या गटाप्रमाणे हवी: ज्वालाग्राही द्रावणं वेगळी, आम्लं वेगळी, अल्कली वेगळ्या, ऑक्सिडायझर वेगळे. नायट्रिक ॲसिड तर बाकीच्या आम्लांपासूनही दूर, स्वतःच्या ट्रेमध्ये. जड बाटल्या खांद्याच्या उंचीच्या वर नकोत. ईथरच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख हवीच. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. बुचाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीला हातही लावायचा नाही. खोली बंद करायची आणि तज्ज्ञ बोलवायचा.

टाकाऊ रसायनांच्या बाटलीकडे विशेष लक्ष. नायट्रिक ॲसिडच्या रिकाम्या बाटलीत कोणीतरी अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन ओततो, बूच घट्ट लावतो आणि घरी जातो. रात्री बाटली फुटते. टाकाऊ बाटलीवर आत काय काय ओतलं त्याची पट्टी हवी. हा कचरा महापालिकेच्या गाडीत जात नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तो साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नसतो आणि अधिकृत केंद्राकडेच द्यायचा असतो; मुंबई परिसरासाठी असं सामायिक केंद्र तळोज्याला आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग वेगळे. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. हे शिकवायचं कोणाला, तर प्राध्यापकांच्या आधी कचरा उचलणाऱ्या मावशींना, कारण सुई त्यांच्या हातात घुसते.

सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, वापरात नसताना टोपी लावलेली. नेताना ट्रॉलीवर, लोळवत किंवा मानेला धरून फिरवत नाही. द्रव नायट्रोजन दिसायला गरीब वाटतो. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो आणि बंद जागेतला प्राणवायू हटवतो, तोही कसलाही वास न येता. त्यामुळे त्याचा ड्यूअर (थर्मॉससारखं भांडं) लिफ्टमधून जाताना त्याच्यासोबत माणूस नको. एकाने खाली ठेवायचा, दुसऱ्याने वर घ्यायचा, आणि मधल्या मजल्यावर कोणी चढू नये म्हणून ड्यूअरवर पाटी.

फ्यूम हूडचं बटण चालू म्हणजे हूड चालू, असं नसतं. टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या कडेला धरून बघा, आत ओढली जाते का. वर्षातून एकदा आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा वेग मोजून घ्या. तो साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंद असावा. आयवॉश (डोळे धुण्याचा नळ) दर आठवड्याला सोडून बघा. डोळ्यात रसायन गेलं तर सलग १५ मिनिटं धुवायचे असतात. तेव्हा नळातून गंजाचं लाल पाणी आलं तर काय उपयोग? हायड्रोफ्लोरिक ॲसिड जिथे वापरलं जातं तिथे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. यावर विभागप्रमुखांशी वाद झाला तरी चालेल, पण मागे हटू नका.

रात्री एकट्याने काम करायचं की नाही, हा कायमचा भांडणाचा विषय. सरसकट बंदी टिकत नाही. लेखन, मोजमाप, संगणकावरचं काम चालू द्या. तापवणं, दाबाखालचे प्रयोग, ज्वालाग्राही किंवा विषारी पदार्थ असतील तर दुसरा माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा. रात्री कोण थांबलंय त्याची यादी गेटवर.

पायरी ५: कंत्राटी कामगार

माझं स्पष्ट मत आहे की कॅम्पसवर सगळ्यांत मोठा धोका पत्करणारी माणसं विद्यापीठाच्या पगारपत्रकावर नसतात. दोरीवर लटकून रंग देणारे, टाकी साफ करणारे, झाडं छाटणारे, गटारं उपसणारे, रात्री गेटवर उभे राहणारे हे सगळे वर्क ऑर्डरमधून येतात. सुरक्षितता तिथेच लिहावी लागते, टेंडर काढताना. हार्नेस, हेल्मेट, बूट यांचा खर्च टेंडरमध्ये वेगळा दाखवा. सगळ्यांत कमी बोलीत हे ‘समाविष्ट’ असलं की ते कधीच येत नाही.

चार कामांना लेखी परवान्याशिवाय सुरुवात होता कामा नये: उंचीवरचं काम, वेल्डिंग-कटिंग, बंदिस्त जागेतलं काम आणि विजेच्या पॅनेलवरचं काम. परवाना एका पानाचा, मराठीत आणि हिंदीत, आणि त्याच दिवसापुरता. वेल्डिंग संपल्यावर निदान अर्धा तास तिथे माणूस थांबला पाहिजे. ठिणगी कचऱ्यात धुमसत राहते आणि सगळे जेवायला गेल्यावर पेटते. पॅनेलवर काम असेल तर स्विच बंद करून कुलूप लावायचं आणि त्याची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

बंदिस्त जागेत पिण्याच्या पाण्याची टाकीही येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आतून रंग किंवा वॉटरप्रूफिंगचं रसायन लावताना वाफा साठतात. आत जाण्याआधी वायू मोजायचा, पंख्याने हवा खेळती ठेवायची, बाहेर एक माणूस कायम उभा. आतला कोसळला तर बाहेरच्याने दोरीने ओढायचं, स्वतः उडी मारायची नाही. अशा घटनांत मागून वाचवायला गेलेलेही अनेकदा मरतात. सेप्टिक टँक आणि गटारात माणूस उतरवणं हा तर वेगळाच विषय. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा आहे. मशिनची गाडी बोलवा.

व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे आणि बांधकाम व कंत्राटी कामगारांचे जुने कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. आपल्या संस्थेला त्यातलं नेमकं काय लागू होतं ते विधी अधिकाऱ्यांकडून लेखी मागून घ्या आणि फायलीत लावा. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांचं ईएसआय (राज्य विमा योजनेची वर्गणी) कंत्राटदार भरतो का, हे बिल पास होण्याआधी तपासलं जायला हवं. अपघातानंतर कार्ड शोधण्याची वेळ येऊ नये.

पायरी ६: पावसाळा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कालिना, कुर्ला, बीकेसी या पट्ट्यात तेव्हा काय झालं ते जुने कर्मचारी अजून सांगतात. तेवढा पाऊस दरवर्षी पडत नाही, पण जून ते सप्टेंबरमधले काही दिवस ठरलेले असतात. भरतीच्या तारखा आधीच जाहीर होतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी निचरणार नाही, हे धरूनच प्रॅक्टिकल परीक्षांच्या तारखा ठरवा.

मेअखेरपर्यंतची कामं: गच्च्यांचे पन्हाळे, नाल्या, पंप चालवून बघणं, तळमजल्यावरच्या पॅनेल रूमच्या उंबरठ्याला बांध, आणि झाडं. फांद्या छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे अर्ज मार्चमध्येच. बुंध्याभोवती काँक्रीट असेल तर ते फोडून माती मोकळी करा. मुंबईत झाडं उन्मळतात त्यामागे हेही एक कारण आहे. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर तिचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्याने बंधनकारक आहे. छताचं प्लास्टर पडू लागलं की वर्ग आधी हलवा, पत्रव्यवहार मागाहून.

पाणी शिरलेल्या खोलीतला मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, पायाला जखम असेल तर जास्तच. २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यायचं असतं. आधी सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारांना आरोग्य केंद्रात न्या. ते आपणहून येत नाहीत, कारण तासाभराची हजेरी कापली जाईल अशी भीती असते. डेंग्यूचं मूळ बहुतेक वेळा निर्लेखनाच्या ढिगात, एसीच्या ट्रेमध्ये आणि बांधकामाच्या पिंपात सापडतं. आठवड्यातून एकदा ती रिकामी करा.

पायरी ७: फेस्टिव्हल आणि दीक्षान्त समारंभ

नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात टेकफेस्टच्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन चार जण दगावले. प्रेक्षागृह खुलं, दार एक, आत उतरायला पायऱ्या. पाऊस आला आणि बाहेरची गर्दी आत घुसली. आपल्याकडे ऑगस्टमध्येही फेस्टिव्हल होतात, तेव्हा हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. किती पास वाटले यापेक्षा दारं किती आणि कुठल्या बाजूला उघडतात ते मोजा. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी हवी. पास नसलेल्यांचं काय करायचं ते आधी ठरवा, कारण दारावरचा रेटा त्यांचाच असतो. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एका माणसाला लेखी द्या आणि त्याचं नाव बँडच्या मॅनेजरलाही कळवा.

उन्हाळ्यातला उघड्यावरचा समारंभ टाळा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले, आणि मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून तापमानाचा आकडा फसवतो.

बाकीचं, थोडक्यात

कार्यालयातल्या खुर्च्या आणि स्क्रीनची उंची याबद्दल पुष्कळ माहिती मिळते, ती वापरा. लिफ्टचं तपासणी प्रमाणपत्र आतच लावलेलं असावं. कॅन्टीनचे गॅस सिलिंडर इमारतीबाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती हा वेगळा विषय आहे, पण तिच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात आहेत का हे बघणं तुमच्या फेरीत बसतं. तीच गोष्ट मानसिक आरोग्याची: ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर असू द्या. भटका कुत्रा किंवा माकड चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस.

पायरी ८: काही घडलं तर

प्रत्येक लँडलाइनजवळ आणि प्रयोगशाळेच्या दारावर चार क्रमांक: ११२, अग्निशमन दलाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६. त्याखाली इमारतीचं नाव आणि कुठल्या गेटने यायचं ते. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही. रात्री कुठलं गेट बंद असतं आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे गेटवरच्या पाटीवर हवं. बंब आत वळेल का, हे एकदा अग्निशमन केंद्राच्या लोकांना बोलावून प्रत्यक्ष गाडी आणून बघा. ते आनंदाने येतात.

कुठल्या दुखापतीला कुठे न्यायचं ते आधीच ठरलेलं असावं. कालिन्याहून वि. ना. देसाई रुग्णालय जवळ, माटुंग्याहून शीव रुग्णालय, पवईहून राजावाडी. मोठं भाजलं असेल तर कस्तुरबा किंवा ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर. रसायनाचा अपघात असेल तर त्या रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका रुग्णाबरोबर जायलाच हवी. डॉक्टर आधी तीच मागतात.

घटनास्थळाला हात लावू नका, फोटो काढा, त्या दिवशीचा परवाना आणि रजिस्टर ताब्यात घ्या. चौकशीत ‘कोणाची चूक’ हा प्रश्न पहिल्या दिवशी आला की माणसं गप्प बसतात. ‘त्या दिवशी नेहमीपेक्षा काय वेगळं होतं?’ असं विचारा.

आणि अपघाताची वाट न बघता ‘थोडक्यात वाचलो’ची नोंद सुरू करा. नाव न लिहिताही भरता येईल असा फॉर्म, किंवा सरळ एक व्हॉट्सॲप क्रमांक, ज्यावर फोटो टाकता येतो. पहिल्या महिन्यात आलेल्या तक्रारींतली निदान एक गोष्ट आठवड्याभरात दुरुस्त करून तिचा फोटो परत पाठवा. ते झालं नाही तर दुसऱ्या महिन्यात कोणी काही पाठवत नाही.

पायरी ९: समिती आणि पैसा

सुरक्षितता समितीत अधिष्ठाता, इस्टेट, वॉर्डन असतातच. त्यांच्या जोडीला वायरमन, प्रयोगशाळा परिचर, हाऊसकीपिंगची मुकादम आणि एक पीएचडी विद्यार्थी हवेत, आणि त्यांना बोलायची पाळी आधी द्या. कुलसचिव बोलून झाल्यावर त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार? बैठकीच्या विषयपत्रिकेवर फक्त उघड्या नोंदी घ्या, नावासकट. ‘चर्चा झाली’ असं इतिवृत्तात लिहू देऊ नका.

पैशांचं गणित साधं आहे, पण वेळेचं आहे. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी मागणी ऑक्टोबरपर्यंत वित्त विभागाकडे पोचली पाहिजे. एक्स्टिंग्विशरचं रीफिलिंग, फायर पंप, लिफ्ट, फ्यूम हूड यांचे वार्षिक देखभाल करार वेगवेगळ्या महिन्यांत संपतात. नव्या टेंडरची फाईल फिरत असते त्या मधल्या काळात कॅम्पस देखभालीविना असतो. सगळे करार संपण्याच्या तारखा एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या चार महिने आधीची खूण करा आणि तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवा. मार्चमध्ये उरलेला पैसा खर्च करायला लोक तुमच्याकडे येतील, ‘काही घ्यायचंय का?’ म्हणून. तेव्हा कॅटलॉग चाळत बसू नका. साखळ्या, आरसीसीबी, आयवॉश आणि आतून उघडणारी दारं यांची तयार यादी खणातच ठेवलेली असू द्या.